शून्य मार्कांची तबकडी आणि अण्णांचा अभंग

परवा एका मित्राचा फोन आला. म्हणे, "सॉनिक यूथचे दोन आल्बम ऐकले, बास झालं. बाकी सगळा कचरा आहे." ऐकलास का, विचारलं. "नाही रे, वाचलं कुठेतरी."

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी सकाळी सकाळी मोबाइलवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवलं. खाली दोन ओळी आणि शेवटी 'तुका म्हणे'. गाथेत शोधलं. त्या ओळी गाथेत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, न्यूयॉर्कचा गोंगाट करणारा बँड कुठे आणि देहूचे तुकोबा कुठे! बरोबर आहे. तुलना त्या दोघांची नाहीच मुळी. तुलना आहे ती आपल्या, म्हणजे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या मंडळींची.

आधी बँडचं सांगतो. सॉनिक यूथ १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला आणि २०११ मध्ये थांबला. गिटारी भलत्याच सुरांत लावायच्या, तारांखाली स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा, असले उद्योग. १९८८ चा 'डेड्रीम नेशन' सगळ्यांना माहीत असतो, निदान नावाने तरी. पण १९९९ च्या जुलैत कॅलिफोर्नियात त्यांच्या सामानाचा ट्रकच चोरीला गेला. वर्षानुवर्षं ठोकून, सुधारून तयार केलेल्या गिटारी एका रात्रीत गेल्या. मग जे हाताशी होतं त्यावर २००० साली 'एनवायसी घोस्ट्स अँड फ्लॉवर्स' काढला. त्यात गाण्यापेक्षा बोलणं जास्त, आणि मुखपृष्ठावर विल्यम बरोज या लेखकाचं चित्र. पिचफोर्क नावाच्या संगीताच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी किती दिले? ०.०. शून्य पूर्णांक शून्य.

मी तो ऐकायला घेतला तो त्या शून्यामुळेच. खोटं कशाला बोलू? तेव्हा मी चाकणला एका कारखान्यात रात्रपाळी करायचो, आणि कुणी न ऐकलेलं आपण ऐकतो याची मस्ती होती. आवडला का? पहिल्यांदा नाही. दहाव्यांदा थोडा. पण एक कळलं. ज्यांच्या हातातलं सगळं गेलंय अशी माणसं काय करतात, ते त्यात ऐकू येतं. गाजलेल्या आल्बममध्ये ते नाही, तिथे सगळं जमलेलं आहे.

एकदा सुट्टीच्या दिवशी तो घरी लावला होता. अण्णा (माझे वडील, चाळीस वर्षं भजनात टाळ धरलेले) थोडा वेळ ऐकून म्हणाले, "अजून वाद्यंच जुळवतायत का रे?"

हसलो. मग चिडून म्हणालो, "अण्णा, तुम्ही तरी काय, तेच वीस-पंचवीस अभंग म्हणता. गाथेत चार हजारांच्या वर आहेत."

अण्णा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी सरकारी गाथा काढून बसले. तीच, १९५० साली मुंबई सरकारने पहिल्यांदा छापलेली. आमच्याकडे नंतरची आवृत्ती आहे. आणि त्यांना सापडायला लागलं. फुगडी, हुतुतू, विटीदांडू, टिपरी अशा खेळांवरचे अभंग. पुढे मुंढा, डोईफोडा, मलंग, दरवेस. म्हणजे दारोदार फिरणाऱ्या फकिरांची सोंगं घेऊन, दखनी हिंदीत, अल्लाचं नाव घेत रचलेली पदं. महिनाभर आमच्या घरात रोज रात्री त्यांचं वाचन चाललं होतं. चाळीस वर्षं टाळ धरलेला माणूस म्हणाला, "हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही."

त्या वर्षी एका सप्ताहात अण्णांनी मलंगाचं पद म्हटलं. साधी चाल, स्वतःच बसवलेली. संपल्यावर एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, "हे तुकोबांचं नाही." अण्णांनी पिशवीतून गाथा काढली, पान उघडून पुढे धरलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "असेल. पण ह्याची गरज काय?"

पुढच्या वर्षी सप्ताहाला अभंगांची छापील यादी आली. एकवीस अभंग. त्याबाहेरचं म्हणू नये. अण्णा गेले, टाळ वाजवला, घरी आले. तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

माझं भांडण आहे ते या "गरज काय?" शी.

कुणी म्हणेल, ती पदं प्रक्षिप्त असतील. असतील बुवा, विद्वानांनी जरूर तपासावं. पण हा चोखंदळपणा फक्त फकिराच्या पदापाशीच का जागा होतो? सूर्याच्या चित्राखालच्या खोट्या ओळी दोन वर्षं पुढे ढकलताना कुठे झोपलेला असतो? खरी गोष्ट अशी की यादी करणारा तुकोबांना निवडत नाही, स्वतःला निवडतो. आपल्याला आधीच पटलेले एकवीस अभंग घ्यायचे आणि त्यांतून आपल्याचसारखा दिसणारा संत उभा करायचा. विटीदांडू खेळणारा, फकिराच्या आवाजात बोलणारा तुका त्यात बसत नाही, म्हणून त्याची गरज नाही.

अरुण कोलटकरांचं तरी काय झालं? 'जेजुरी' सगळ्यांना ठाऊक. पण हाच माणूस पखवाज शिकला, सत्तरीच्या दशकात इंग्रजीत गाणी लिहून ध्वनिमुद्रित करून रॉक गायक व्हायला निघाला होता, आणि त्याने तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, हे किती जणांना माहीत असतं? त्यांच्या 'भिजकी वही'ला २००५ साली, ते गेल्यानंतर, साहित्य अकादमी मिळालं. नाव ऐकून देहूच्या माणसाला इंद्रायणी आठवतेच. पुस्तक उघडलेला मात्र अजून मला गावात भेटायचाय.

माझ्यासारख्यांनाही एक चपराक हवीच. दुर्मीळ ते सगळं थोर, असं मुळीच नाही. त्या आल्बमात कंटाळवाणी मिनिटं आहेत आणि गाथेतल्या काही खेळांच्या पदांत मला आजही काही सापडत नाही. 'मी ऐकलंय, तुम्ही नाही' ही मिरवणूक म्हणजे दुसऱ्या टोकाची यादीच. आडबाजूचं ऐकायचं ते एवढ्यासाठी, की तिथे माणूस टाळ्यांची खात्री नसताना काय करतो ते दिसतं. आणि तो आपल्या सोयीचा नव्हता, हेही कळतं.

गेल्या आषाढात पालखी गेल्यावर गाव रिकामं झालं होतं. गुडघ्यांमुळे अण्णांना आता वारी होत नाही. ओसरीवर बसून ते स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. कान देऊन ऐकलं. मलंगाचं पद होतं, तीच चाल.

मी आतून टाळ आणून त्यांच्यासमोर ठेवले. यादी घरात कुणाकडेच नव्हती.

असो.