बॉम्बची किंमत आणि मुळशीचा प्रश्न

१/
‘१९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली, तेव्हाच भारताने बॉम्ब करायला हवा होता’, हे वाक्य समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. ‘युक्रेनने १९९४ मध्ये अण्वस्त्रे सोडली नसती तर आजची वेळ आली नसती’, हे त्याचे जुळे भावंड. दोन्ही वाक्यांत एकच गृहीतक दडलेले आहे: नवस्वतंत्र देशाच्या संरक्षणाचा प्रश्न म्हणजे शस्त्र आहे की नाही, एवढाच. या धाग्याचे म्हणणे असे की त्याआधी दुसरा प्रश्न येतो. निर्णय कोणी घेतला, किंमत कोणी ठरवली आणि ती प्रत्यक्षात कोणी मोजली? हा प्रश्न मुळशीच्या मावळ्यांनी स्वातंत्र्याच्या पाव शतक आधीच विचारून ठेवला होता.

२/
निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीला धरण बांधायचे होते. साठवलेले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिरा येथे सोडायचे, त्यावर वीज निर्माण करायची आणि ती मुंबईला पुरवायची, अशी योजना. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. बुडणारी भातखाचरे मुळशी खोऱ्यातली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’.

३/
सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता आणि त्या कायद्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ हा शब्द होता. खाजगी कंपनीच्या वीजनिर्मितीला तो शब्द लावला गेला. जमिनीचे कागद ज्यांच्या हाती होते, त्या पुण्यातल्या अनेक सावकार-जमीनदारांनी मोबदला मान्य केला. प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या कुळांना त्या हिशेबात फारशी जागा नव्हती. लढा हरला, धरण झाले, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. मागे उरला तो प्रश्न: ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमके कोण?

४/
या लढ्याचे सेनापती पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली. त्याआधी १९०७-०८ च्या सुमारास, ब्रिटनमध्ये शिकायला गेलेल्या याच पारनेरच्या तरुणाने आणि त्याच्या साथीदारांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची माहितीपुस्तिका मिळवली होती. शस्त्राचे आकर्षण काय असते, हे बापटांइतके कमी लोकांना ठाऊक असेल. तरीही मुळशीत त्यांनी उचललेला प्रश्न शस्त्राचा नव्हता, संमतीचा होता. शेवटी, १९२४ मध्ये, त्यांनी अहिंसेची मर्यादा ओलांडली आणि त्यासाठी ७ वर्षांची शिक्षा भोगली. पण तोवर सामुदायिक लढा मोडला होता.

५/
आता वीस वर्षे पुढे. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. काही दशकांत अणूपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशांतून आणावे लागू नयेत, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमा अजून सतरा महिने दूर होते. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. सह्याद्रीचे पाणी अडवून मुंबईला वीज देणाऱ्या उद्योगघराण्याच्याच न्यासाने भारतीय अणुविज्ञानाचा पाळणा घडवला. यात कट नाही. विकासाची एक विशिष्ट कल्पना आहे: जाणकारांनी ठरवायचे, देशाने अभिमान बाळगायचा आणि कुणीतरी खोऱ्यातल्याने जागा सोडायची.

६/
एप्रिल १९४८ मध्ये, स्वातंत्र्याला वर्षही झाले नसताना, नेहरूंनी अणुऊर्जा विधेयक मांडले. एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सदस्याने नेमके बोट ठेवले: ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणविषयक कामापुरती आहे, आपल्याकडे शांततामय संशोधनालाही ती का? नेहरूंचे उत्तर असे की या दोहोंत भेद कसा करायचा, हे त्यांनाही उमगत नाही. हे उत्तर प्रामाणिक होते, आणि म्हणूनच महत्त्वाचे आहे. नेहरूंना ‘भोळे शांतिवादी’ ठरवणाऱ्यांनी ही चर्चा वाचावी. अणूचा दुसरा उपयोग त्यांना स्पष्ट दिसत होता. त्यांनी तो दरवाजा उघडा ठेवला आणि त्याला पडदा लावला.

७/
खर्चाचा प्रश्न मात्र पडद्याआड राहू न देणारा एक माणूस होता. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या निवेदनात परराष्ट्र धोरणावरची टीका आकड्यांनिशी आहे: वर्षाला ३५० कोटी रुपये महसूल, त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर. परराष्ट्र धोरणाने मित्र जोडले नाहीत, म्हणून हा भार वाढला, असा त्यांचा युक्तिवाद. तो पटो वा न पटो, पद्धत पाहावी. संरक्षण ही श्रद्धेची बाब नसून हिशेबाची बाब आहे, असे नवस्वतंत्र देशाला सांगणारा हा आवाज होता.

८/
पुढची प्रगती वेगवान. १९५४ मध्ये थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत अणुऊर्जा विभाग. ऑगस्ट १९५६ मध्ये ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ अणुभट्टी. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ‘सायरस’. १९६४ मध्ये वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करणारा प्रकल्प. हे सारे शांततेच्या नावाने आणि बव्हंशी शांततेच्याच हेतूने. पण शेवटच्या पायरीवर उभे राहिले की बॉम्ब एका निर्णयाच्या अंतरावर येतो.

९/
दरम्यान १९६२ चे युद्ध झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे म्हणत महाराष्ट्राने यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला पाठवले. चव्हाणांनी केलेले काम बॉम्बच्या चर्चेत सहसा झाकले जाते: ८ लाख २५ हजारांचे सैन्य, ४५ तुकड्यांचे हवाई दल, डोंगरी युद्धासाठी उभारलेल्या नव्या डिव्हिजन, आणि हे सारे पाच वर्षांच्या योजनेत बसवणे. १९६५ चे युद्ध याच तयारीच्या बळावर लढले गेले. अण्वस्त्र त्या युद्धात काय कामाला आले असते, हे ‘तेव्हाच करायला हवा होता’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावे.

१०/
१६ ऑक्टोबर १९६४. लोपनूर येथे चीनचा स्फोट. आठ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, भाभांचे आकाशवाणीवर भाषण झाले. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आकड्यांच्या आधारे त्यांनी सांगितले की १० किलोटनांचा एक स्फोट सुमारे साडेसतरा लाख रुपयांत होतो. ५० अणुबॉम्बांचा साठा १० कोटींच्या आत बसतो. भाषणाचा रोख नि:शस्त्रीकरणाकडे होता, पण देशाच्या लक्षात राहिला तो आकडा. ‘इतका स्वस्त?’ हा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून राजकारणात आला.

११/
त्या आकड्यात काय नव्हते? अणुभट्टी नव्हती. प्लुटोनियम वेगळे करणारा प्रकल्प नव्हता. बॉम्ब चीनच्या शहरांपर्यंत नेणारे विमान किंवा क्षेपणास्त्र नव्हते. इशारा देणारी यंत्रणा नव्हती. म्हणजे चुलीचा, भांड्यांचा आणि शेताचा खर्च वगळून भाताच्या एका घासाची किंमत सांगण्यासारखे ते होते. भाभांचे उत्तराधिकारी विक्रम साराभाई यांनी १९६६ मध्ये हीच गोष्ट कापडाच्या उदाहरणाने समजावली: दोन वार कापडाचा भाव सांगता येतो, पण तेवढेच कापड त्या भावात कोणी विणून देत नाही, मागे अख्खी गिरणी उभी करावी लागते.

१२/
नोव्हेंबर १९६४ मध्ये गुंटूरला काँग्रेस महासमितीची बैठक झाली, मग लोकसभेत चर्चा. जनसंघाने बॉम्बची मागणी केली. खुद्द काँग्रेसमध्येही त्या बाजूचे लोक होते. शास्त्रींनी बॉम्बला नकार दिला, मात्र भूमिगत स्फोटाच्या अभ्यासाला वाट मोकळी केली. डिसेंबरमध्ये लंडनला जाऊन त्यांनी हॅरॉल्ड विल्सन यांच्याकडे अण्वस्त्रविरोधी संरक्षणाच्या हमीचा विषयही काढला. भरीव हमी मिळाली नाही.

१३/
हा निर्णय दुबळा होता का? पुरावा उलट सांगतो. देश अमेरिकी गव्हावर जगत होता, पुढच्या दोन वर्षांत मोठे दुष्काळ आले, हिमालयात नवे सैन्य उभे राहत होते. बॉम्ब टाकायला साधन नसताना बॉम्ब करणे म्हणजे चीनला भीती न घालता चिथावणी देणे. क्षमता वाढवायची, शस्त्र थांबवायचे, हे धोरण त्या क्षणी शहाणपणाचे होते. मात्र एक दोष त्यात राहिला, आणि तो ‘बॉम्ब केला नाही’ हा नव्हे.

१४/
दोष असा की लोकसभेतली ती चर्चा अपवाद ठरली. १९६२ च्या नव्या अणुऊर्जा कायद्याने गुप्तता कायम राखली होती. पूर्ण व्यवस्थेला किती पैसा लागेल, याचा अधिकृत, तपासता येईल असा हिशेब नागरिकांसमोर आला नाही. १८ मे १९७४ चा पोखरणचा निर्णय पंतप्रधान आणि मोजके शास्त्रज्ञ व सल्लागार यांच्या वर्तुळात झाला. संसदेला तो स्फोटानंतर कळला. देशाला आनंद साजरा करण्याचे निमंत्रण मिळाले, ठरवण्याचे नाही.

१५/
आता युक्रेन. १९९१ मध्ये स्वतंत्र होताना त्याच्या भूमीवर सुमारे १,९०० सामरिक अण्वस्त्रे होती. पण ती डागण्याचे नियंत्रण मॉस्कोकडे होते, देखभालीचा खर्च पेलणारा नव्हता. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट मेमोरँडमने त्याला आश्वासन मिळाले. लष्करी मदतीची बांधील हमी मात्र मिळाली नाही. १९६४ मध्ये शास्त्रींना लंडनमध्ये जे अंतर जाणवले, तेच हे. २०१४ आणि २०२२ ने त्या आश्वासनाचे मोल दाखवले. तरी यातून निघणारा धडा ‘शस्त्र ठेवायला हवे होते’ हा नाही. ‘शब्दांची किंमत सही करण्याआधी तपासा’ हा आहे.

१६/
याहून बोलके उदाहरण प्रशांत महासागरातल्या पलाऊचे, १९९० च्या सुमारास लोकसंख्या जेमतेम १५ हजारांची. या चिमुकल्या देशाने १९७९ मध्ये मतदानाने स्वीकारलेल्या राज्यघटनेत अण्वस्त्रांना बंदी घातली. ती उठवायला ७५ टक्के मते हवीत, अशी अट. अमेरिकेशी होणारा करार याच अटीवर अडला. मग पुन्हा पुन्हा मतदान झाले. ७५ टक्के काही जमेनात. अखेर १९९२ मध्ये अटच बदलून साधे बहुमत पुरेसे केले गेले, १९९३ मध्ये करार संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९९४ रोजी पलाऊ स्वतंत्र झाला. भारतात लोकांना विचारले गेले नाही. पलाऊत ‘हो’ येईपर्यंत विचारले गेले. दोहोंना संमती म्हणणे कठीण आहे.

१७/
‘संरक्षणाचे निर्णय चव्हाट्यावर होत नसतात’, हा आक्षेप गंभीर आहे आणि अर्धा खरा आहे. स्फोटकाची रचना, साठ्याच्या जागा, सैन्याच्या हालचाली गुप्तच हव्यात. पण एकूण खर्च, त्यासाठी कापला गेलेला दुसरा खर्च, आणि जमीन कोणाची गेली, या गोष्टी शत्रूपासून लपवण्याच्या नाहीत. त्या लपवल्या जातात तेव्हा त्या स्वतःच्याच नागरिकांपासून लपवल्या जातात.

१८/
जमिनीचा मुद्दा इतिहासजमा झालेला नाही. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरसाठी जमीन घेतली गेली ती मुळशीला लावलेल्या १८९४ च्याच कायद्याने. २०१३ चा नवा कायदा आला, त्यात बाधितांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास आला. पण १९६२ चा अणुऊर्जा कायदा अपवादांच्या चौथ्या परिशिष्टात बसवला गेला. मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी नंतर लागू झाल्या. विचारून घेण्याची तरतूद मात्र बाहेरच राहिली.

१९/
म्हणून पुढच्या वेळी ‘तेव्हाच बॉम्ब केला असता तर’ हे वाक्य दिसले, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. त्या क्षणी शस्त्र पोहोचवण्याचे साधन होते का? सांगितलेली किंमत पूर्ण होती का? आणि ज्यांनी ती मोजली, त्यांना बोलू दिले गेले का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भाभा, साराभाई आणि शास्त्री यांच्या काळातल्या नोंदींत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मुळशीत १९२१ पासून प्रलंबित आहे.