फरशीवरची फरशी

"गाडीला फरशी आणि माणसाला ओल!" असे आमची आजी परवा म्हणाली. तिच्या बोलण्यात थट्टा होती, पण हिशेबही होता.

आमच्या पेडणे तालुक्यात हल्ली जुन्या गोठ्यांची गॅरेजे होऊ लागली आहेत. मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमाने सुरू झाली आणि कित्येक दारांत गुरांच्या जागी टॅक्सी आली. गोठ्याची जमीन चोपून शेणाने सारवलेली असे. पुढे तीवर सिमेंटचा कोबा आला. आता त्या कोब्यावर प्लास्टिकच्या फरश्या घालण्याची टूम निघाली आहे. फूटभर लांबरुंद तुकडे, एकाची कडी दुसऱ्याच्या खाचेत ठोकायची. ना सिमेंट, ना गवंडी. एका दुपारी काम फत्ते!

या फरशीत गुण नाहीत असे मी म्हणणार नाही. कोब्यावर ऑइल सांडले की तो निसरडा होतो. गेल्या पावसाळ्यात आजी अशाच जागी घसरली आणि दीड महिना तिचा हात गळ्यात बांधलेला होता. खडबडीत फरशीवर पाय टिकतो. एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर ती फारच सोयीची. आमच्या कन्नड मित्रांच्या मुलखातून येणारी शहाबादी फरशी एकदा बसविली की घरमालकाची होते. ही मात्र बिऱ्हाडाबरोबर उचलून नेता येते.

पण डिचोलीच्या माझ्या मामांचा अनुभव ऐका. २०१८ साली खाणी पुन्हा बंद पडल्यावर त्यांनी खनिजाचा ट्रक विकून टॅक्सी घेतली. तिच्यासाठी जाळीदार फरशी घातली. काळी-पांढरी, जणू बुद्धिबळाचा पट. मृगाचा पाऊस लागला. गाडीवरून निथळलेले पाणी जाळीतून खाली गेले आणि तेथेच राहिले, कारण मूळच्या कोब्याला उतारच नव्हता. चतुर्थीच्या सुमारास दुर्गंधी सुटली, डास झाले. फरशी उचलली तेव्हा खाली लाल चिखल आणि ऑइल यांचा थर निघाला. फरशीने घाण घालविली नव्हती. फक्त दृष्टीआड केली होती.

वाणिज्य शाखेत ताळेबंदाची सजावट ओळखायला शिकवतात. बुडीत येणे झाकून नफा दाखविला, तरी येणे बुडीतच राहते. तसेच हे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्या दगडाच्या जोत्यातून ओल वर चढते. म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम बादलीभर पाणी ओतून उतार पाहावा. मग प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून कोब्यावर एक दिवस ठेवावा. त्याच्या खाली दव धरले तर ओल जमिनीतून येते असे समजावे. हे दोष दुरुस्त झाल्यावरच फरशीचा विचार करावा. त्यातही पीव्हीसीच्या फरशीवर तापलेल्या टायरचे डाग पडतात. पॉलिप्रॉपिलीनची उष्णतेने पसरते, म्हणून भिंतीपाशी थोडी फट सोडावी लागते.

आता आमच्या घरचा हिशेब. गॅरेज १० फूट रुंद आणि १८ फूट लांब, म्हणजे १८० तुकडे. पण गाडीखाली फरशी कशाला? माणूस जेथे उतरतो आणि चालतो, तेथे ३ फुटांचा पट्टा घातला तर ५४ तुकडे पुरतात. वाचलेल्या पैशांत कोब्याला उतार आणि दाराशी चर होतो. काही उरले तर आजीच्या खोलीच्या भिंतीची ओल काढायला लागते. हे मी बाबांपुढे मांडले. ते म्हणाले, "शेजाऱ्यांची फरशी पूर्ण आहे. आपली अर्धवट दिसेल."

खरी अडचण ही आहे. फरशी आपण पायांसाठी घालतो की शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी? गाडी आमची अन्नदाती आहे, तिचे हप्ते अजून फिटायचे आहेत, हे मला मान्य आहे. तिची जागा कोरडी हवी. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाची खोली त्याआधी कोरडी हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाबांचा निर्णय अजून व्हायचा आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा बेत चालला असेल, त्यांनी फरशी मागविण्यापूर्वी एक बादली पाणी अवश्य ओतून पाहावे.