पोटकलमातला निसर्ग

पर्यावरणाचा कायदा म्हटला की वाचकाच्या मनात दिल्ली आणि न्यायालये उभी राहतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण वने, वन्यजीव आणि किनारपट्टी यांविषयीचे प्रमुख कायदे केंद्राचे आहेत. परंतु जमीन, शेती आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत असल्यामुळे अमुक डोंगर कापला जाईल की नाही आणि तमुक शेतात इमारत उभी राहील की नाही, याचा निकाल बहुधा राज्याच्या विधानसभेत लागतो. मतदारांनी आमदारांमागे लागून धोरण घडवून घेणे किंवा रोखणे, म्हणजेच लॉबिंग, आपल्याकडे संशयास्पद मानले जाते. हा संशय अगदीच अनाठायी म्हणता येत नाही, कारण जमिनीत ज्यांचा पैसा गुंतलेला असतो ते हे काम बारमाही आणि गाजावाजा न करता करतात. नागरिक मात्र यंत्रे डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर जागे होतात.

या विषमतेचा अभ्यास करण्यास गोव्याइतके सोयीचे राज्य दुसरे नाही. चाळीस सदस्यांच्या त्या विधानसभेत एका आमदारामागे साधारण 30 हजार मतदार असल्याने आमदार बाजारात, जत्रेत, फेस्तात सहज गाठता येतो, आणि काही शे मतांवर निकाल फिरत असल्याने त्याला ऐकून घ्यावेही लागते. ऑगस्ट 2006 मध्ये ‘प्रादेशिक आराखडा 2011’, म्हणजे राज्यातील कोणती जमीन शेती, वस्ती, वन वा उद्योग यांपैकी कशासाठी वापरायची हे ठरवणारा दस्तऐवज, अधिसूचित झाला आणि त्यात वने व शेते मोठ्या प्रमाणावर वस्तीसाठी खुली केल्याचे उघड होताच ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले. डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर प्रचंड सभा झाली आणि जानेवारी 2007 मध्ये प्रतापसिंह राणे यांच्या सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस दिगंबर कामत यांच्या सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरणही गुंडाळले. येथपर्यंतचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, आणि तो तसा सांगण्यासारखा आहेही.

त्यानंतरचा इतिहास अधिक शिकवणारा आहे, कारण त्यात मैदानापेक्षा व्याख्येला महत्त्व आले. गोव्याच्या 1984 च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार कायद्याच्या व्याख्येत ‘वृक्ष’ ठरणारे झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. जानेवारी 2016 मध्ये विधानसभेने दुरुस्ती करून या व्याख्येतून नारळ वगळला. माडाला फांद्या नसतात, म्हणून तो वृक्ष नव्हे, असा युक्तिवाद झाला, आणि वठलेले माड काढताना बागायतदाराला कचेरीचे खेटे नकोत, हे कारणही पुढे आले. वनस्पतिशास्त्रात माड एकदलिकित वर्गात मोडतो हे खरेच. पण कायद्यातील व्याख्या वर्गीकरणासाठी नसते, संरक्षणाची कक्षा आखण्यासाठी असते, ही गोष्ट सभागृहातील विद्वत्तेच्या ओघात बाजूला पडली. ज्या प्रदेशात माडाशिवाय जेवण होत नाही आणि घरही शाकारले जात नसे, तेथे याचा राग येणे अटळ होते. त्याच महिन्यात स्थापन झालेल्या ‘गोवा फॉरवर्ड’ या पक्षाने नारळ हेच निवडणूक चिन्ह घेतले, 2017 च्या निवडणुकीत तीन जागा मिळवून तो सत्तेत गेला आणि नारळ पुन्हा वृक्ष ठरला.

लोकशाहीतील पाठपुराव्याचा हा आदर्श नमुना म्हणून गोष्ट येथे थांबवता आली असती. तथापि 2018 मध्ये, याच पक्षाचे नेते विजय सरदेसाई नगरनियोजन मंत्री असताना, नगर आणि ग्राम नियोजन अधिनियमात ‘16 ब’ हे कलम आले, ज्यायोगे एकेका जमीनमालकाला आपल्या भूखंडाचा वापर बदलून मागण्याची वाट मोकळी झाली. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. पुढे 2023 मध्ये आराखड्यातील अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली ‘17(2)’ हे पोटकलम आले, आणि त्याखालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्दबातल ठरवले. मैदानावर सबंध आराखडा मागे घ्यावा लागला, पण सभागृहात तोच भूखंडागणिक परतू लागला. 2023 सालीच भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला हस्तांतरित करण्यावर निर्बंध घालणारा कायदा त्याच विधानसभेने केला, हे नमूद करणे न्याय्य ठरेल; एकच सभागृह एका हाताने शेत राखते आणि दुसऱ्या हाताने त्याचा वापर बदलू देते, ही विसंगती लोकांच्या लक्षात येण्याइतपत विधेयके मुळात लोक वाचत नाहीत.

महाराष्ट्राची स्थितीही वेगळी नाही. येथील 1975 च्या नागरी झाडांच्या अधिनियमात 2021 मध्ये पन्नास वा त्याहून अधिक वर्षांच्या झाडांसाठी वारसा वृक्षाची संकल्पना आली, तिची अंमलबजावणी मात्र गणनेवर आणि वृक्ष प्राधिकरणावर अवलंबून राहिली. अशा अंमलबजावणीला जाब विचारण्याची साधने सभागृहात तयार आहेत: तारांकित प्रश्न, ज्याला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, लक्षवेधी सूचना, जिच्याद्वारे तातडीच्या बाबीवर निवेदन मागता येते, आणि विनंती अर्ज समिती, जिच्यापुढे नागरिकाची लेखी मागणी जाऊ शकते. आमदाराच्या हाती निवेदन देऊन छायाचित्र काढून घेणे सोपे असते. त्याच आमदाराला सर्व्हे क्रमांक, अधिसूचनेची तारीख आणि नेमका प्रश्न लिहून देणे कष्टाचे असते, पण त्याला मिळालेले उत्तर कामकाजात नोंदले जाते आणि पुढे न्यायालयातही दाखवता येते.

जाब विचारण्याआधी मसुदा वाचायला मिळायला हवा. केंद्र सरकारने 2014 मध्ये विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस जनतेसमोर ठेवण्याचे धोरण स्वीकारले. ते केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे, राज्यांवर बंधनकारक नाही. जमिनीच्या वापराशी संबंधित प्रत्येक विधेयकाला आणि नियमाला हीच मुदत राज्यातही लागू करावी, ही मागणी दिवाळीनंतर हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला निघणाऱ्या आमदारांकडे त्यांच्या मतदारांनी आताच लेखी नोंदवायला हवी.