जांघेतली खाज आणि मेडिकलमधली ट्यूब

पावसाळ्यात अनेकांच्या जांघेत गजकर्ण उठतं. लालसर चट्टा, कडा उठलेली, मधे जरा साफ, आणि रात्रीची झोप उडवणारी खाज. पुरुषमाणूस घरात बोलत नाही. मेडिकलवाल्याच्या कानाशी सांगतो, तो क्लोबेटासोल मिसळलेली ट्यूब देतो आणि दोन दिवसांत आराम पडतो. खरी मेख इथेच आहे. स्टिरॉइडने खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. जांघेतली कातडी आधीच नाजूक; महिनोन्‌महिने लावलं तर चरे पडतात, ते कायमचे. 2018 पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी आपण मागतो आणि दुकानदार देतो.

तहारतचे मसले आपण मौलानांना न लाजता विचारतो, मग कातडीच्या डॉक्टरांपुढे कसली शरम? बुरशीचं औषध चट्टा गेला तरी सांगितलेले दिवस पुरं करावं. इस्तिंजा, गुस्ल झाल्यावर जांघ नीट कोरडी करावी. टॉवेल, लुंगी वेगळी, कपडे उन्हात. बीवीला, मुलांना खाज असेल तर त्यांनाही सोबत न्यावं, नाहीतर दुखणं घरातल्या घरात फिरतं. वारंवार उठत असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातली साखरही तपासावी.