ॲव्हरेज पडलंय, पण महागडं पेट्रोल ते उचलणार नाही

"साहेब, साधं टाकू की प्रीमियम?" हा प्रश्न हल्ली पंपावर जरा जास्तच प्रेमाने विचारला जातो. आणि "प्रीमियमच टाक बाबा" म्हणणारे आपल्या कराडात वाढलेत, हे मी वर्षभर बघतोय. ही माणसं नव्या चकचकीत गाड्यांतली नाहीत. २०१२, २०१४, २०१६ सालच्या पेट्रोल एसयूव्ही सांभाळून वापरणारी आहेत. मास्तर आहेत, मेडिकलवाले आहेत, वकील आहेत. सगळ्यांचं म्हणणं एकच. गाडीचं ॲव्हरेज पडलंय, साध्या पेट्रोलात इथेनॉल कालवलंय, मग भारीतलं पेट्रोल टाकू म्हणजे गाडी पहिल्यासारखी चालेल.

ॲव्हरेज पडलंय हे खरं आहे. भारीतल्या पेट्रोलने ते परत येईल, हे खरं नाही. आणि या गैरसमजापायी महिन्याला पाच-सातशे रुपये जाताहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी ऑक्टेनचं बघू. पंपावर ९५ लिहिलेलं दिसलं की आपल्याला वाटतं ९१ पेक्षा यात ताकद जास्त. तसं नसतं राव. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, सहनशक्ती. इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं, मग ठिणगी पडून ते पेटतं. ठिणगीच्या आधीच किंवा भलत्याच जागी ते पेटलं, तर इंजिन खटखट करतं. त्यालाच मिस्त्री नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन जितकं जास्त, तितकं ते पेट्रोल दाब सहन करतं, आपोआप पेटत नाही. बस, एवढाच त्याचा अर्थ. ज्या इंजिनात दाब जास्त असतो, म्हणजे टर्बो गाड्या किंवा महागड्या परदेशी गाड्या, त्यांना जास्त ऑक्टेन लागतं. आपल्याकडच्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक साध्या पेट्रोल गाड्या ९१ ऑक्टेन धरून बनवलेल्या आहेत. त्यांना ९५ पाजलं म्हणून त्या जास्त पळत नाहीत. चार भाकरीत पोट भरणाऱ्याला सहा वाढल्या तर दोन ताटातच राहणार.

अमेरिकेत एएए नावाची वाहनचालकांची मोठी संघटना आहे. तिने २०१६ मध्ये हाच प्रयोग करून बघितला. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या तीन गाड्या घेतल्या, चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या. त्यांत साधं आणि प्रीमियम घालून ताकद, ॲव्हरेज, धूर सगळं मोजलं. दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. तिथल्या लोकांचे त्या एका वर्षात दोन अब्ज डॉलरहून जास्त पैसे असे विनाकारण गेले, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे फसण्यात आपण एकटे नाही.

आता गंमत पुढे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने इथेनॉलवरच्या टीकेला उत्तर म्हणून एक खुलासा काढला. त्यात त्यांनीच सांगितलं की इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या पुढे असल्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलचं ऑक्टेन आता ९५ पर्यंत गेलंय. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने साधं पेट्रोल ९५ ला पोचलं. मग शेजारच्या नळीतून ९५ च्या नावाने लिटरला सात-आठ रुपये जास्त देऊन आपण नक्की काय घेतोय? थोडी साफसफाईची रसायनं. ती वाईट नाहीत, इंजेक्टर स्वच्छ ठेवायला मदत करतात. पण तेच काम सर्व्हिसिंगच्या वेळी इंजेक्टर साफ करून घेतले तरी होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं, असं मुळीच नाही. ९५ च्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेट्रोलातही इथेनॉल असतं. बिनइथेनॉलचं म्हणून लोक ज्याचं नाव घेतात ते १०० ऑक्टेनचं, लिटरला दीडशेच्या पुढचं, मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळणारं. ते भरायला पुण्याला जायचं तर जाण्यायेण्यातच निम्मी टाकी संपेल.

मग ॲव्हरेज गेलं कुठे? ते सरळ इथेनॉलात गेलं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाच भागांत एक भाग इथेनॉल घातलं की टाकीतली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. हे काही कुणा विरोधकाचं म्हणणं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या, म्हणजे बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांपर्यंत जुळवून घेतलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल. मंत्रालय ऑगस्टच्या खुलाशात तेच ३ ते ६ टक्के म्हणालं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या पेट्रोलला चालतील अशा सामानाने बनवल्यात, त्यांचा प्रश्न कमी. प्रश्न त्याआधीच्यांचा आहे, आणि आपल्या तालुक्यात त्याच जास्त आहेत.

हिशेब मांडू. बारा ॲव्हरेज देणारी गाडी, महिन्याला हजार किलोमीटर, पेट्रोल १०५ धरा. खर्च पावणेनऊ हजार. ॲव्हरेज ६ टक्क्यांनी पडून ११.३ झालं की तोच खर्च जातो जवळपास ९,३०० वर. साडेपाचशेचा फटका. आता त्यावर उपाय म्हणून तुम्ही ११३ चं प्रीमियम भरलंत आणि ॲव्हरेज ११.३ च राहिलं, तर खर्च दहा हजार. म्हणजे साडेपाचशेचं दुखणं साडेबाराशेवर गेलं. प्रीमियम परवडायचं असेल तर गाडीने किमान साडेसात टक्के जास्त पळायला हवं. जुन्या साध्या इंजिनात ते होत नाही.

माझी स्वतःची गाडी २०१३ ची आहे, पेट्रोल एसयूव्ही. मी टाकी काठोकाठ भरतो, किलोमीटर लिहितो, पुन्हा काठोकाठ भरतो. तीन टाक्या साध्याच्या, तीन प्रीमियमच्या, रस्ता बहुतेक तोच, कराड-पाटण-कोयनानगर. फरक इतका किरकोळ, की एसी कधी लावला आणि कुंभार्ली घाट किती वेळा उतरून चढलो यानेच त्याहून जास्त पडतो. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका, तो बऱ्याच गाड्यांत फुगलेला असतो. टाकी ते टाकी हाच खरा हिशेब. आणि टायरमधली हवा बघा. हवा कमी, एअर फिल्टर धुळीने भरलेला, असं असताना प्रीमियम टाकणारे मी बघितलेत. गाडीच्या पुस्तकात ९५ च टाका असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. पुस्तक डॅशबोर्डच्या खणात पडलेलं असतं, एकदा उघडा.

दुसरी गोष्ट, इथेनॉल पाणी धरतं. पावसाळ्यात गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट रिकामी ठेवू नका. रबरी नळ्या, गॅस्केट तपासून घ्या. मंत्रालयच म्हणतंय की काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, खर्च फार नाही. खर्च फार नाही हे ठीक, पण तो करायचा कुणी?

इथे आपल्या भागाची खरी अडचण सुरू होते. आपण कृष्णाकाठची माणसं. ज्या घरात ही एसयूव्ही उभी आहे, त्याच घराचा ऊस कारखान्याला जातो. इथेनॉलचे पैसे आले म्हणून कारखान्यांना एफआरपी वेळेत देणं जमू लागलं, हे मी बातम्या करताना बघितलंय. कायद्याने १४ दिवसांत द्यायची रक्कम महिनोन् महिने थकायची, ते दिवस मला आठवतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा इथल्या कारखानदारांचे आणि शेतकऱ्यांचे चेहरे कसे उतरले होते तेही आठवतं. त्यामुळे इथेनॉल बंद करा, असं मी म्हणणार नाही. मात्र सगळा फायदा उसाला, हेही आता खरं नाही. २०२५-२६ च्या पुरवठ्यात सगळ्यात मोठा वाटा मक्याचा आहे.

माझा मुद्दा वेगळाच आहे. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात दोन गोष्टी होत्या. जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचं पेट्रोल पंपावर मिळत राहावं. आणि जास्त इथेनॉलचं पेट्रोल लोकांना स्वस्त पडावं, कारण त्यात ऊर्जा कमी. ॲव्हरेज घटेल हे पान सरकारने स्वीकारलं, ही दोन पानं मात्र उलटून टाकली. मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं की इथेनॉल ७१ रुपयांच्या वर पडत होतं, शुद्धीकरण केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग, म्हणून स्वस्त देता येत नाही. बरं, मग निवड तरी द्या. पर्याय हवा म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, ती याचिका १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. त्याच महिन्यात नितीन गडकरींनी समाजमाध्यमांवरची टीका पैसे देऊन चालवलेली मोहीम असल्याचं सांगितलं. मला कुणी पैसे दिलेले नाहीत, उलट दर टाकीला माझेच जाताहेत.

निदान तालुक्याला एक तरी १० टक्क्यांचा पंप, आणि प्रत्येक पंपावर साध्या नि प्रीमियम दोन्ही नळ्यांवर इथेनॉल किती टक्के हे मराठीत मोठ्या अक्षरात. एवढं मागायला ऊसवाला आणि गाडीवाला असं भांडायची गरज नाही, आपण दोन्ही आहोत.

२०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी असलेल्यांनी एक करा. तीन टाक्या साध्याच्या, तीन प्रीमियमच्या, टाकी ते टाकी हिशेब लिहा आणि मला पाठवा. गाडीचं साल, रस्ता कुठला, एसी किती, तेही लिहा. पुरेसे आकडे जमले की ते घेऊन आपल्या खासदारांकडे जाऊ.