कोड आपला, मग सर्व्हर कोणाचा?



आपल्या वस्त्यांतली, वसतिगृहांतली मुले-मुली आज प्रोग्रामिंग शिकत आहेत. त्यातली काही जण संघटनांसाठी विनामोबदला राबतात. कोणी शिष्यवृत्तीच्या अर्जांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर लिहितो, कोणी वाचनालयाचे, तर कोणी अत्याचाराच्या प्रकरणांचा पाठपुरावा करणारे. याचा आम्हाला अभिमान आहे. पण हे काम करताना अनेकांच्या कोड एडिटरला एखाद्या बड्या कंपनीचा एआय सहायक जोडलेला असतो. आमचे म्हणणे सरळ आहे. ज्या कामात लोकांची माहिती आहे, त्या कामासाठी सहायक आपल्याच यंत्रावर चालला पाहिजे. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, लोकांनी आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचा आहे.

आधी नेमके काय घडते ते समजून घेऊ. आपण ओळ लिहिता लिहिता थांबतो आणि पुढची ओळ करड्या अक्षरांत आपोआप दिसते. ती आपल्या लॅपटॉपवर तयार झालेली नसते. कर्सरच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर, कधी शेजारच्या उघड्या फाइलींतले तुकडेही, दूरच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून उत्तर येते. दिवसभरात असे शेकडो वेळा होते. आता त्या फाइलींत काय असते? डेटाबेसचा पासवर्ड असतो. चाचणीसाठी म्हणून चिकटवलेल्या चाळीस खऱ्या नोंदी असतात. त्यात नाव, जात, उत्पन्न, मोबाइल नंबर, गाव. एखाद्या प्रकरणातल्या साक्षीदाराचा पत्ताही असू शकतो. ज्या बाईने आपल्यावर भरवसा ठेवून तो दिला, तिला आपण विचारले होते का?

काही जण म्हणतील, "कंपन्या तर सांगतात की आम्ही तुमचा कोड प्रशिक्षणासाठी वापरत नाही." काही कंपन्या काही योजनांत तसे लिहून देतात, हे खरे. पण अटी त्यांच्या, त्या बदलण्याचा अधिकारही त्यांचाच. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि त्या कंपनीने आपल्या उपकरणांवर अशा साधनांना बंदी घातली. वकिलांची फौज पदरी असलेली कंपनी आपल्या कोडसाठी एवढी सावध होते. मग आपण आपल्या माणसांच्या माहितीबाबत बेफिकीर का राहावे? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो. काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी माहिती गोळा करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे आपल्याला परवडणार नाही, जमणार नाही. हा न्यूनगंड आधी टाकून द्या. ओलामा हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यावर क्वेन २.५ कोडरसारखे खुले मॉडेल उतरवता येते. त्याची ७ अब्ज पॅरामीटरची आवृत्ती साधारण ४.७ जीबीची आहे. ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रावर ती चालते, म्हणजे गेम खेळण्यासाठी घेतलेला संगणकही पुरतो. ओळी पूर्ण करण्यासाठी १.५ अब्जांची छोटी आवृत्ती वेगळी ठेवता येते. व्हीएस कोडमध्ये कंटिन्यू नावाचे एक्स्टेंशन बसवायचे आणि त्याच्या सेटिंगच्या फाइलीत तीन गोष्टी लिहायच्या: सेवा ओलामाची, मॉडेलचे नाव आणि आपल्या सर्व्हरचा पत्ता. ओलामा ११४३४ या पोर्टवर ऐकते. बस, एवढेच. एका संध्याकाळचे काम आहे.

मात्र "आपला सर्व्हर" म्हटले की सगळे सुरक्षित झाले, अशा भ्रमात राहू नका. ओलामा स्वतःहून कोणाला पासवर्ड विचारत नाही. मुळात ते फक्त त्याच यंत्राला उत्तर देते. इतर लॅपटॉपना जोडण्यासाठी आपण ते खुले करतो आणि नीट लक्ष दिले नाही तर साऱ्या जगाला खुले होते. म्हणून ते कार्यालयातल्या नेटवर्कपुरतेच ठेवा. बाहेरून जोडायचे असेल तर व्हीपीएन किंवा एसएसएचमधूनच जोडा. ओलामाच्या यादीतली नावात 'क्लाउड' असलेली मॉडेल आपल्या यंत्रावर चालत नाहीत, तीही टाळा. एडिटरची आणि एक्स्टेंशनची टेलिमेट्री बंद करा. आणि शेवटी साधी परीक्षा घ्या. राउटर चालू ठेवून इंटरनेटची तार काढा. सूचना तरीही येत असतील, तर उत्तर देणारे यंत्र आपलेच आहे. मगच ती तार पुन्हा लावा.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे. छोटे मॉडेल बड्या कंपन्यांच्या मॉडेलइतके हुशार नसते. ते चुकते, जुनी फंक्शन सुचवते, मोठ्या प्रकल्पात गोंधळते. आम्ही हे नाकारत नाही. ज्या प्रकल्पाचा कोड मुळातच सर्वांसाठी खुला आहे, ज्यात कोणाची माहिती नाही, तिथे हवे ते साधन वापरा. बंधन फक्त लोकांच्या माहितीला हात लावणाऱ्या कामापुरते आहे. तिथे थोडा वेळ जास्त लागला तर लागू द्या. शिवाय शिकणाऱ्याने प्रत्येक सूचना वाचून, तपासून घ्यायलाच हवी. सहायक कितीही हुशार असला तरी सही आपली असते.

हेही मान्य करू की ही मॉडेल आपण घडवलेली नाहीत. क्वेन अलीबाबाची, व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टचा. पण दुसऱ्याने बनवलेले यंत्र आपल्या ताब्यात असणे वेगळे आणि आपण दुसऱ्याच्या यंत्राच्या दारात रोज उभे असणे वेगळे. पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेब त्या दारात थांबले नाहीत. १९२० ला 'मूकनायक', १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आणि पुढे स्वतःचा भारत भूषण छापखाना. छपाईचे यंत्र त्यांनी शोधले नव्हते, पण त्यावर काय छापायचे हे ठरवण्याचा अधिकार मिळवला होता.

सर्व्हर उभा राहिला की त्याच्याही किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न येतोच. नोंदी पाहण्याचा अधिकार एकाच 'तांत्रिक' भाऊकडे राहिला तर आपण एक नवा मालक तयार केला. म्हणून दोघे-तिघे जबाबदार नेमा, त्यात मुली असू द्या. कोण काय पाहू शकतो याचे नियम लिहून बैठकीत मंजूर करा. खऱ्या नोंदी चाचणीसाठी वापरायच्या नाहीत, हा पहिला नियम ठेवा.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. संघटनेत कोणाकडे बरे ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र आहे ते विचारा आणि त्या आठवड्यातच जोडणी करा. जमलेल्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या शाखेला शिकवा.

जय भीम!