काटा लालवर गेला की लिलाव विसरा

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस औरंगाबाद रस्त्यावर, मिरची हॉटेलच्या चौकात ट्रकला धडकली, पेटली आणि १२ जणांचा बळी गेला. त्याच दिवशी सप्तशृंग गडाजवळ एसटीच्या एका बसनेही पेट घेतला. तिथे प्रवासी वेळीच खाली उतरले आणि सारे वाचले. पुढच्या वर्षी, १ जुलै २०२३ ला, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटलेली बस जळाली, त्यात २५ जण गेले.

या तिन्ही घटनांची कारणे एक नाहीत. पण "डिझेल म्हणजे काही पेट्रोल नव्हे, ते कुठं पेटतंय" हा आपल्याकडचा समज त्यांनी मोडायला हवा होता. तो अजून मोडलेला नाही. आज गावोगावी पिकअप उभी आहे. बैलगाडीची जागा तिने कधीच घेतली. जमिनीखालोखाल मोठे कर्ज अनेक घरांत तिच्यावरच असते. म्हणून आज पिकाऐवजी पिकअपविषयी लिहितो आहे.

डिझेल पेटते कसे?

डिझेलला काडी लावली तर ते पेट्रोलसारखे भडकत नाही, हे खरे. पण सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास तापमान मिळाले, की ते ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते. इंजिनात ते जळते तेही हवेच्या उष्णतेनेच. डिझेल इंजिनाला प्लग लागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. आता हे पाहा : भरलेली गाडी चढ चढत असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतात. त्यावर डिझेल किंवा ऑइल गळू लागले, तर वेगळी आग लावायला कोणी यावे लागत नाही.

सातपूरच्या ज्या कारखान्याला आपण अजून मायकोच म्हणतो, तिथे डिझेल इंजिनाची नोझल बनतात. नव्या कॉमन रेल गाड्यांत या नोझलपर्यंत डिझेल हजार-दीड हजार बारपेक्षा जास्त दाबाने पोचते. द्राक्षबागेतल्या फवारणी यंत्राचा दाब तीस-चाळीस बार असतो, तरी औषधाचे धुके होते. मग या पाइपाला बारीक चीर गेली तर काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा. अशी गळती बोटाने चाचपून कधीच पाहू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. पुठ्ठा धरून पाहा, आणि इंजिन बंद करून सरळ गॅरेजला न्या.

गाडी तापली म्हणजे ती लगेच पेटते असे नाही. पण वारंवार तापलेल्या गाडीचे रबरी पाइप कडक होऊन तडकतात, सील गळू लागतात, वायरीचे कवच वितळते. आग लागते ती एका दिवशी; तिची तयारी महिनोन् महिने चाललेली असते.

तापते कशाने?

आपल्या जिल्ह्यात याचा खरा हंगाम म्हणजे मार्च ते मे. उन्हाळ कांदा निघतो, मालेगावकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि गाड्या राहूड घाट चढून पिंपळगावकडे धावतात. दीड टनाची गाडी म्हणजे पंधरा क्विंटल. तिच्यात पंचवीस क्विंटल भरले, की चढावर इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये किंचाळत राहते. गाडी हळू, म्हणजे समोरून वारा कमी. उष्णता मात्र सर्वांत जास्त. जादा वजनाला २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पण पोलिसाच्या पावतीपेक्षा इंजिनाची पावती मोठी येते.

दुसरे कारण रेडिएटर. बाजार समितीच्या रांगेत उभ्या असलेल्या गाडीचे बोनेट उघडून पाहा. जाळीत धूळ, चिलटे आणि कांद्याची टरफले ठासून बसलेली दिसतील. हवा आत जाणार कुठून? आठवड्यातून एकदा, इंजिन गार असताना, आतून बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाच्या पाण्याने जाळी धुवा. जास्त दाब दिला तर पाती मुडपतात.

तिसरे कारण बोअरचे पाणी. ठिबकच्या नळ्या क्षाराने बंद पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले तर आत तोच थर बसतो. ठिबकला आपण ॲसिड देतो, रेडिएटरला मात्र ते चुकूनही देऊ नका. ॲल्युमिनियम खाऊन टाकील. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरा. कूलंट पाण्याला सहजी उकळू देत नाही आणि गंजही धरू देत नाही. झाकणाचे काम कुकरच्या शिट्टीसारखे आहे. दाब धरून ठेवला, तर पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकणाचे रबर गेले, की पाणी लवकर उकळून बाहेर पडते. हे झाकण स्वस्त असते, बदलून टाका.

सैल फॅन बेल्ट, गळणारा वॉटर पंप आणि "काढून टाका, काही होत नाही" म्हणत मिस्त्रीने काढलेला थर्मोस्टॅट, ही पुढची कारणे. मशीन बनवणाऱ्याने बसवलेली वस्तू फुकट बसवलेली नसते.

आता वायरिंग. जादा दिवे, भोंगा, गाण्यांचे मशीन थेट बॅटरीवरून जोडतात आणि फ्यूज उडाला की तिथे तार घालतात. फ्यूज ही गाडीची पहारेकरीण आहे. तिच्या जागी तार घातली, तर जळण्याची पाळी वायरीवर येते. घराजवळ कणगी, चारा असेल तर उंदीरही पाइप-वायरी कुरतडतात आणि इंजिनावर गवताचे घरटे करतात. सकाळी बोनेट उघडण्याची सवय एवढ्यासाठीच लावून घ्या.

एक गोष्ट नव्या गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकताना आत साडेपाचशे-सहाशे अंश उष्णता होते. अशी गाडी लांबून येऊन गव्हाच्या काडावर, मक्याच्या वाळल्या ताटांवर किंवा खळ्यात उभी करू नका. गाडीआधी गंज पेटेल.

काटा चढला तर

लिलावाची वेळ झालेली असते, मागे कांदा असतो, भाव पडेल ही भीती असते. म्हणून "पाच किलोमीटर राहिलेत, नेऊ तशीच" असे होते. हे पाच किलोमीटरच महाग पडतात. काटा लालकडे सरकला, की गाडी सावकाश रस्त्याच्या कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास थांबा. झाकण गरम असताना उघडू नका. उकळते पाणी तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकते. गार झाल्यावर पाणी भरा, पाइप आणि बेल्ट पाहा, मगच निघा. डिझेलचा किंवा जळक्या रबराचा वास आला, तर काटा खाली असला तरी थांबा.

घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. काटा जागेवर असेल तर एक-दोन मिनिटे चालू ठेवा, टर्बोतले ऑइल जळत नाही. आणि कसारा घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. ब्रेक तापून निकामी होतात आणि चाकेही पेटतात.

पेटलीच तर

इंजिन बंद करा, माणसे उतरवा, माल विसरा. मागे मजूर बसलेले असतील तर आधी ते. मजुरांना मालावर बसवून नेणे मुळातच चूक आहे, पण ते होते म्हणून सांगतो. बोनेट एकदम उघडू नका, हवा मिळून ज्वाला अंगावर येते. जळत्या डिझेलवर पाणी मारू नका, ते पसरते. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे किंवा माती-वाळू वापरा. नळकांडे सीटजवळ हाताशी असावे, मालाखाली नव्हे. आवरत नसेल तर दूर व्हा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

विम्याचेही पाहून ठेवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर तुमची जळालेली गाडी त्यात बसत नाही. गाडीचा पूर्ण विमा असला, तरी आतल्या मालाचा विमा वेगळा लागतो. आग लागल्यावर पोलिसांत खबर द्या, पंचनामा करून घ्या, आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय गाडी हलवू नका.

समितीने, ग्रामपंचायतीने काय करावे?

शेतकऱ्यालाच सगळे सांगून भागणार नाही. लिलावाला उशीर झाला की भाव हातचा जातो, ही भीती खरी आहे. बाजार समित्यांनी रांगेत सावली, पिण्याचे पाणी, वाळूच्या बादल्या आणि दोन-चार चालू स्थितीतली नळकांडी ठेवावीत. गाडी बंद पडून उशिरा आलेल्या शेतकऱ्याचा माल त्याच दिवशी पुकारावा. या एका नियमाने पुष्कळ गाड्या वाचतील. ग्रामसेवक आणि सरपंचांनी सोसायटीत किंवा चावडीवर एक दिवस गावातल्या सगळ्या पिकअपची तपासणी ठेवावी. त्याला निधी लागत नाही, एक चांगला मिस्त्री आणि एक सकाळ लागते.

सप्तशृंग गडाजवळची ती बस जळाली, पण माणसे घरी गेली. कारण गाडी थांबली आणि माणसे उतरली. कांद्याचा लिलाव उद्याही होतो. काटा वर गेलेला दिसला, की एवढे आठवा आणि चावी फिरवा.